बॅग बदलूनही त्रास तोच? कॅमेऱ्याच्या बॅगेचं दुखणं आधी ओळखा

जून उजाडला की ओळखीतल्या फोटो काढणाऱ्यांचे निरोप सुरू होतात. कुणी ट्रेकला निघालेलं असतं, कुणी वारीला, कुणाला रविवारी सकाळी नुसतं पेठांमधून हिंडायचं असतं. प्रश्न मात्र एकच: "कुठली बॅग घेऊ?" विचारणाऱ्या बऱ्याच जणांकडे आधीच दोन बॅगा असतात. पहिलीने खांदा दुखला म्हणून दुसरी घेतली, दुसरीतून कॅमेरा पटकन निघेना म्हणून आता तिसरी.

मी स्वतः या फेऱ्यातून गेले आहे. म्हणून आता बॅगेचं नाव सांगण्याआधी मी विचारते, मागच्या वेळी नेमकं काय बिघडलं? फोटो हुकला, खांदा दुखला, आत पाणी गेलं, की लेन्सला बुरशी आली? ही चारही दुखणी वेगळी, त्यांची कारणं वेगळी. त्यातली दोन तर कितीही महागडी बॅग घेतली तरी जात नाहीत.

कॅमेरा निघेपर्यंत फोटो गेलेला असतो

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. सकाळी आठच्या सुमारास तिथे उन्हाची तिरीप गाळ्यांवर पडते. अशाच एका सकाळी एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा हबका मारत होत्या. ओंजळीतून उडालेले थेंब उन्हात लखलखत होते आणि मागे सगळा अंधार. मी पाठीवरच्या बॅगेचा एक पट्टा काढला, बॅग पुढे ओढली, बक्कल सोडलं, वेल्क्रो खर्रकन उपटलं. त्या आवाजाने मावशींनी मान वर केली. मग चेन, मग कॅमेरा, मग लेन्सचं झाकण. तोवर मावशी पदर सावरून, हात थांबवून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्या चांगल्या हसल्या, मी फोटोही काढला, पण जो हवा होता तो गेला.

घरी येऊन मोबाईल समोर ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि तीच क्रिया पुन्हा केली. अकरा सेकंद लागले. तुम्हीही हे करून बघा. बॅग नेहमीसारखी अंगावर अडकवा, कॅमेरा नेहमीच्या कप्प्यात ठेवा आणि डोळ्याला लावेपर्यंतची वेळ मोजा. रस्त्यावर तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर दुखणं सापडलं.

याचा उपाय माझ्या मते सरळ आहे. रस्त्यावर हिंडताना कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही. तो हातात, मनगटाच्या पट्ट्याला, किंवा छातीवरून तिरका. बॅगेत फक्त बाकीचं: एखादी जादा लेन्स, दोन बॅटऱ्या, पुसायचं फडकं, पाण्याची बाटली, घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. एवढं मान्य केलं की लागणाऱ्या बॅगेचा आकार एकदम निम्म्यावर येतो, जाड गाद्यांचे कप्पे नकोसे होतात आणि निवड सोपी होते. शबनमपेक्षा जरा मोठी, मऊ कापडाची, अंगाला चिकटून राहणारी बॅग पुरते.

काही वेळा कॅमेरा आत ठेवावाच लागतो. लोकलच्या गर्दीत, अंधार पडल्यावर, किंवा हातातला कॅमेरा बघून माणसं बिचकतात अशा जागी. तेव्हा झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. काही बॅगांचं झाकण तुमच्या पोटाकडे उघडतं, आणि हात आत घालायला गेलात की तेच मध्ये येतं. बाहेरच्या बाजूला उघडणारं झाकण असेल तर हात सरळ आत जातो. कॅमेरा लेन्स खाली आणि पकड उजव्या हाताकडे अशी ठेवायची. बॅगेत असताना लेन्सचं झाकण मी लावतच नाही. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, आणि साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची सपाट काच, लावून ठेवते.

वेल्क्रोचा आवाज हा निव्वळ त्रास नाही, ती आगाऊपणाची दवंडी आहे. कीर्तनात, देवळाच्या गाभाऱ्यापाशी, कुणी रडत असताना तो आवाज करायची मला लाज वाटते. शिवणाच्या सामानाच्या दुकानात वेल्क्रो मीटरवर मिळतं. त्यातली फक्त मऊ बाजूची पट्टी आणा आणि बॅगेवरच्या खरखरीत आकड्यांवर चिकटवून ठेवा. आकडे झाकले जातात, झाकण नुसतं पडून राहतं, आणि प्रवासात घट्ट बंद हवं तेव्हा पट्टी काढता येते. इतक्या स्वस्तात बॅगेत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही.

खांदा भरून येतो

आधी वजन करा. अंदाज नको, काटाच हवा. प्रवासाच्या सामानाचा हुकाचा काटा असेल तर उत्तम, नाहीतर वाण्याच्या काट्यावर ठेवा. रिकामी बॅग आणि भरलेली बॅग, दोन्ही.

आकडे बघून बहुतेकांना धक्का बसतो. सोनी ए७ फोर बॅटरी आणि कार्डासकट ६५८ ग्रॅम. फुजी एक्स-टी५ आहे ५५७ ग्रॅम. कॅननची आरएफ ७०-२०० एफ/२.८ ही एकटी लेन्स एक किलोच्या वर, १०७० ग्रॅम, आणि तीच कंपनी ५० एफ/१.८ बनवते ती १६० ग्रॅमची. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो. आणि जाड फोमच्या पाठीवरच्या बॅगा रिकाम्याच दीड-दोन किलो भरतात. म्हणजे एक कॅमेरा आणि दोन लेन्स सांभाळायला आपण तेवढ्याच वजनाची बॅग वाहतो.

एका खांद्यावरच्या बॅगेला माझी मर्यादा अडीच किलो आहे, सगळं धरून. त्याच्या वर गेलं की दोन तासांत मानेपासून खांद्यापर्यंत रग लागते, कारण बॅग घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा उचलून धरतो. आरशासमोर उभं राहून बघा, एक खांदा वर दिसेल. पट्टा रुंद केला, त्याखाली गादी लावली तर टोचणं थांबतं, वजन काही कमी होत नाही. पट्टा तिरका घ्या, बॅग कमरेच्या हाडावर टेकेल इतका आखूड करा. मांडीवर आपटणारी बॅग प्रत्येक पावलाला खांदा ओढते. अर्ध्या तासाने बाजू बदला. एवढं करूनही दुखत असेल तर बॅग बदलू नका, आतली एक लेन्स घरी ठेवा. रस्त्यावर दिवसभर एका लेन्सवर काढणं जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार रविवार करून बघावं.

सॅक घेऊनही खांदे दुखत असतील तर कारण वेगळं असतं. सॅकचं बहुतेक वजन कंबरपट्ट्याने कमरेच्या हाडावर उतरायला हवं, खांद्याचे पट्टे फक्त सॅक अंगाशी धरून ठेवतात. ट्रेकिंगच्या सॅकमध्ये पाठीच्या लांबीप्रमाणे माप मिळतं. मान वाकवल्यावर खाली जे हाड टोचतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर, ते हे माप. कॅमेऱ्याच्या बॅगा मात्र बहुधा एकाच मापात येतात. त्यामुळे उंच माणसाचा कंबरपट्टा पोटावर येतो आणि माझ्यासारख्या बुटक्या बाईचा मांड्यांवर. पट्टा आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. सरकत नसतील तर सगळा भार अजून खांद्यावरच आहे. बायकांनी छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकतो का तेही बघावं. तो एका जागी शिवलेला असेल तर नेमका नको तिथे येतो.

रस्त्याची बॅग आणि डोंगराची बॅग

या बॅगा आल्या कुठून हे कळलं तेव्हा माझा घोळ बराच सुटला. डोमके नावाची कॅनव्हासची प्रसिद्ध खांदाबॅग जिम डोमके या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने केली. तो फिलाडेल्फिया इन्क्वायरर दैनिकात होता आणि हे १९७० च्या दशकाच्या मध्यातलं. त्याला दिवसभर रस्त्यावर काम करायचं होतं, म्हणून बॅग मऊ, पातळ, वरून सताड उघडणारी. इंग्लंडातली बिलिंगहॅम कंपनी १९७३ साली सुरू झाली ती मासे पकडणाऱ्यांच्या बॅगा करायला. छायाचित्रकारांनी त्या कॅमेऱ्यासाठी उचलल्या. उलट लोवेप्रो या बॅगांच्या कंपनीचा ग्रेग लोव गिर्यारोहक होता, त्याची सगळी विचाराची बैठक पाठीवरच्या ओझ्याची.

म्हणजे रस्त्यावरच्या बॅगेचं काम हाताला वाट करून देणं, डोंगरातल्या बॅगेचं काम ओझं पेलणं. दोन्ही एकीकडून करून घ्यायला गेलं की जाड, जड, चौकोनी बॅग हातात येते, जी मंडईत आडवी येते आणि राजगडावर पाठ मोडते. माझी सगळी चुकलेली खरेदी याच जातीची होती.

म्हणून डोंगरासाठी मी कॅमेऱ्याची बॅग घेतच नाही. नेहमीची ट्रेकिंगची चाळीस लिटरची सॅक, मापाची, आणि तिच्यात फोमचा सुटा डबा. याला दुकानात इन्सर्ट म्हणतात. कॅमेरा आणि दोन लेन्स त्यात बसतात. जेवण, पाणी, जादा कपडे, विजेरी यांना जागा उरते, जी कॅमेऱ्याच्या बॅगेत कधीच उरत नाही. चालताना कॅमेरा खांद्याच्या पट्ट्यावरच्या क्लिपला किंवा छातीवरच्या पाऊचमध्ये. जिथे हात लागतात, कातळ चढायचा असतो, तिथे तो आत जातो, यात तडजोड नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर छातीवर कॅमेरा असेल तर पाय ठेवायची पायरीच दिसत नाही.

इन्सर्ट कुठे ठेवायचा? बरेच जण तो तळाला टाकतात. वजनदार वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध यावी. तळाला कपडे किंवा स्लीपिंग बॅग, त्यावर इन्सर्ट. बाहेरच्या बाजूला ठेवलात तर सॅक मागे ओढते आणि उतारावर तोल जातो.

रेनकव्हर होतं, तरी ओलं कसं झालं

ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर माझंही तेच झालं, आणि या वेळी मी वर पोचल्यावर शांतपणे शोध घेतला. कव्हर जागेवर होतं, बाहेरून सॅकचं कापड कोरडं. पण पाठीला टेकणारी जाळी आणि तिच्यामागचा फोम दाबला तर पिळून काढल्यासारखं पाणी आलं. मग लक्षात आलं की रेनकव्हर पाठीची बाजू झाकतच नाही, झाकू शकतही नाही. रेनकोटवरून ओघळणारं पाणी मानेखालून पाठ आणि सॅकच्या फटीत उतरतं, फोम ते स्पंजासारखा पितो आणि शिवणीतल्या भोकांतून ते आत झिरपतं. दुसरं, कव्हरच्या तळाशी ओंजळभर पाणी साठलेलं. सॅक तासभर त्या डबक्यात बसून होती.

कापड पाणी अडवतं असं लिहिलेलं असलं तरी शिवण आणि चेन पाणी अडवतात असं नाही. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस वरूनच येतो असंही नाही. नाणेघाटात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. तिथे कुठलंही कव्हर काय करणार?

उपाय बाहेरून नाही, आतून करायचा. इन्सर्ट आख्खा ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाला, तोंड तीन-चार वळ्या देऊन बक्कल लावा. ड्राय बॅग नसेल तर जुने ट्रेकर करतात तसं सॅकला आतून मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचं अस्तर लावा आणि तोंड पिळून आत दुमडा. मग बाहेरची सॅक भिजली तरी भिजू दे. कव्हर चिखलापासून वाचवतं, म्हणून ते घालाच, पण तळाला पाणी जायला भोक आहे का बघा. नसेल तर सर्वांत खालच्या जागी एक छोटं भोक पाडून कडेला लोखंडी रिंग ठोकून घ्या. चपला-बॅगा दुरुस्त करणारे ते दोन मिनिटांत करून देतात.

वारीला दिवे घाटात गेलात तर ड्राय बॅगची उघडझाप परवडत नाही. तिथे मी कॅमेरा हातात आणि त्यावर पुढून भोक पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या हूडला रबरबँडने आवळलेली, अशी चालते. खांद्यावरची बॅग गर्दीत पुढे पोटावर घ्यायची, चेनचं तोंड अंगाकडे.

बॅग हे कॅमेऱ्याचं घर नाही

बुरशीच्या तक्रारीला नवी बॅग हे उत्तर कधीच नसतं, कारण रोगाचं घर बॅगच असतं. ट्रेकहून आलो, दमलो, बॅग कपाटात ठेवली, पंधरा दिवसांनी उघडली. ओला फोम, अंधार, कोंदट हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात ती त्याहून बरीच वर असते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. काचेवरच्या पातळ थरात, कोटिंगमध्ये, एकदा खोल गेली की साफ करूनही डाग राहतो.

घरी आल्या आल्या, आंघोळीच्याही आधी, कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढा. बॅगेचे सगळे कप्पे उघडा, आतले पडदे सुटे करा, इन्सर्ट पंख्याखाली उपडा ठेवा. कडक उन्हात नको. जाड फोम कोरडा व्हायला दोन दिवसही लागतात. दाबून हाताला गार लागतोय तोवर तो ओलाच आहे.

लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये काटा असावा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवट झाले की त्यांनी पाणी पिऊन झालं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवले की पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाचं भांडं आणि स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका. मी नारिंगीच घेते.

माळ्यावरची जुनी बॅग काढून वापरायचा विचार असेल, किंवा वापरलेली विकत घेत असाल, तर आतल्या कापडावरून तळहात फिरवा. चिकट लागलं, पापुद्रे सुटत असले, तर आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने विरघळत चालला आहे. तो परत बसत नाही. ती बॅग भाजी आणायला वापरा, लेन्स त्यात ठेवू नका.

चेन लागते पण मागून उघडी पडते

यावर चांगल्या बॅगा फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. दात बहुतेक वेळा ठीक असतात, झिजलेला असतो तो रनर, म्हणजे चेन लावताना ओढतो तो सरकता भाग. त्याच्या दोन पत्र्यांमधली फट रुंदावते आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. आमच्या भागातल्या बॅगवाल्या चाचांनी मला पहिल्यांदा दाखवलं. त्यांनी पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या, आळीपाळीने दाबल्या, एकदा डावी, एकदा उजवी, आणि चेन घट्ट बसू लागली. जास्त दाबलं तर तुटतो. रनर बदलायचा तर त्याच्या पाठीवरचा आकडा बघा, ५, ८ किंवा १०. तोच आकडा हवा. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० ची चेन असलेली बॅग घ्या, ५ ची लवकर दगा देते. समुद्रावरून आलात तर दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने झाडून वरून मेणबत्ती घासा.

एवढं करूनही नवी बॅग लागणारच असेल, तर दुकानात स्वतःचं सगळं सामान घेऊन जा, पाण्याच्या भरलेल्या बाटलीसकट. ते आत भरा, पंधरा मिनिटं दुकानात हिंडा, उकिडवे बसा, उठा. बसल्यावर बॅग पुढे घसरून जमिनीला लागते का, वाकल्यावर झाकण आपोआप उघडतं का, एका हाताने चेन ओढताना बॅग सोबत ओढली जाते का, हे सगळं तिथेच कळतं. ऑनलाइन मागवलीत तर हेच घरी करा, भरलेली बॅग अडकवून तासभर रोजची कामं करा, जिने चढा-उतरा. मग मोबाईल समोर ठेवून कॅमेरा काढायची वेळ पुन्हा मोजा. तोवर टॅग कापू नका.